कावडीच्या वाटेवरचे घुले

गेल्या चैत्रात, गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी, घोडेगावच्या अलीकडे एका शेवग्याच्या बागेत माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यात घुल्याचे केस गेले. डावा डोळा त्याआधीच निकामी झालेला होता. आम्ही त्या वेळी प्रवरासंगमहून कावड घेऊन पायी गावाकडे निघालो होतो.

घुला म्हणजे केसाळ सुरवंट. अंगाला लागला तर आग होते, गांधी उठतात, एकदोन दिवस खाजवण्यात जातात. डोळ्यात केस गेला तर प्रकरण वेगळं असतं. त्या केसाला उलटे, नुसत्या नजरेला न दिसणारे काटे असतात. त्यामुळे तो मागे येत नाही, पापणी मिटली की थोडा आत सरकतो. ही माहिती मला त्या दुपारनंतर मिळाली.

आमचं गाव नगर तालुक्यात, पांढरीचा पूल ओलांडून घाट चढून गेल्यावर लागतं. यात्रेच्या दिवशी पहाटे देवाला गंगेच्या पाण्याने आंघोळ घालतात. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. पाणी तांब्याच्या दोन कळशांत भरतात, कळशा बांबूच्या दोन टोकांना बांधतात आणि कावड खांद्यावरून आणतात. दरवर्षी मान एका घराचा असतो. नियम थोडेच आहेत. मानकऱ्याने अनवाणी चालायचं. नदीपासून देवळापर्यंत गाडीत बसायचं नाही. कावड जमिनीला टेकवायची नाही. बांबूवर खांद्याच्या जागी नदीवर गुंडाळलेलं फडकं देवळात पोचेपर्यंत सोडायचं नाही. वाटेत सोबतचे लोक आळीपाळीने खांदा देतात. पण वेशीपासून देवळापर्यंत कावड मानकऱ्याच्या घरातल्याच पुरुषाच्या खांद्यावर हवी. विसावा घ्यायचा तर ती झाडाच्या बेचक्यात अडकवतात.

गेल्या वर्षी मान आमच्या घराचा होता. मागची पाळी आली तेव्हा मी शाळेत होते. पुढची येईल तेव्हा वडील नसतील, असं तेच म्हणत होते. घरात पुरुष दोनच: वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका, जे पुण्यात एका कंपनीत आयुष्य काढून नुकतेच निवृत्त झाले. मी नगरला एका वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या बातम्या बघते. मी रजा टाकून सोबत गेले, कारण आईने तसं सांगितलं होतं. तिचं एकच वाक्य होतं, "त्यांचा डोळा सांभाळ."

डावा डोळा मी लहान असताना गेला. मळणीत ज्वारीच्या कणसाचं टोकदार कूस गेलं होतं. कोणी मध घातला, कोणी बाळंतिणीचं दूध घातलं, आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत बुबुळावर पांढरा डाग पडला होता. तेव्हापासून आण्णा एका डोळ्यावर शेती करतात. पेरणीची पाभर सरळ चालवतात. फक्त कपात चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवतात.

मी त्यांच्यासाठी साधा, पांढऱ्या काचांचा गॉगल घेतला होता. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "देवाचं पानी आनायला चाल्लोय का शिनुमात?"

काकांनी मात्र स्वतःचा काळा गॉगल घातला होता. पायात जाड बूट, हातात काठी. कावड न धरणाऱ्याला बूट चालतात. काकांना लहानपणापासून घुल्याची भीती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि पूर्ण वाटभर ते कोणी विसरलं नाही.

"काका, मागं बघा, कॉलरवर काय चालतंय."

"चालू दे. तुझ्यापेक्षा तरी सरळ चालतंय," काका म्हणत, पण कॉलर झटकत.

नदीवर कळशा भरल्या त्या यात्रेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी. पहिली रात्र वडाळ्याच्या अलीकडे एका देवळाच्या ओसरीवर काढली. कावड ओसरीच्या तुळईला टांगली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. पूर्वी कावड डांबरी रस्त्याने जायची. आता रस्ता रुंद झाला, मालट्रका वाढल्या, आणि चैत्रात डांबर इतकं तापतं की अनवाणी पाय टेकत नाही. म्हणून गेली काही वर्षं शेतांमधून, कालव्याच्या चारीच्या कडेने जातात. पायाला माती लागते, अधूनमधून पाणी भेटतं. पण चारीच्या दोन्ही बाजूंना शेवग्याच्या बागा झाल्या आहेत, आणि चैत्रात शेवग्यावर घुले असतात.

दिवसा ते खोडावर एकाला एक चिकटून बसतात. लांबून पाहिलं तर खोडाला करड्या घोंगडीचा तुकडा बांधल्यासारखा वाटतो. झाडाचा पाला संपला की ते खाली उतरतात आणि दुसऱ्या झाडाकडे निघतात. वाटेत चारीचा रस्ता येतो. त्या सकाळी रस्त्यावर जागोजाग घुले होते. काही चालत होते, काही ट्रॅक्टरखाली सापडून चपटे झाले होते. चपटा झालेला घुलाही पायाला लागतो.

मग चालण्याची एक पद्धत ठरली. सगळ्यात पुढे एकजण कडुनिंबाच्या डहाळ्याने रस्ता झाडत जायचा. मागे कावड. तिच्या मागे बाकीचे एका रांगेत, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत. कोणी वर बघत नव्हतं. बोलणंही हळूहळू बंद झालं. खाली बघून चालल्याने मान आखडली, आणि ऊन वर आल्यावर मातीवरची प्रत्येक काडी घुल्यासारखी दिसू लागली. आण्णा एकच डोळा असल्यामुळे मान तिरकी करून चालत होते. कावड त्यांच्या खांद्यावर असायची तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूने चालत होते. त्यांच्या पायाला सकाळभरात एकही घुला लागला नाही.

विसाव्याची जागा पूर्वी हमरस्त्याच्या कडेला, एका मोठ्या कडुनिंबाखाली होती. रुंदीकरणात तो गेला. त्यानंतर त्याच शिवारातल्या एका शेतकऱ्याने आपल्या बागेत विसावा द्यायला सुरुवात केली. नवरा-बायको दोघंच. ते दरवर्षी पिठलं-भाकरी करतात, पाय धुवायला पाणी ठेवतात, आणि कावडीसाठी बांधावरचं सगळ्यात जुनं शेवग्याचं झाड राखतात, कारण त्याचं बेचकं नेमकं खांद्याच्या उंचीवर आहे.

आम्ही पोचलो तेव्हा त्या झाडाचं खोड काळं होतं.

"कालच जाळलं सगळं," शेतकरी म्हणाला. "काठीला चिंधी बांधली, रॉकेल टाकलं, खोडावरनं फिरवली. एक ठिवला न्हाई. कावड यायची म्हनल्यावर घुलं कसं ठिवायचं?"

"आता काय भ्या न्हाई," आमच्यातला एकजण म्हणाला. काकांनी काठीने खोडावर टकटक केली. काही पडलं नाही. तेव्हा त्यांनीही बूट सैल केले.

कावड बेचक्यात अडकवली. फडकं गुंडाळलेला भाग बरोबर जळालेल्या सालीला टेकला. आण्णांनी आपलं उपरणं कावडीवर वाळत टाकलं, कारण ते घामाने भिजलं होतं. आम्ही जेवलो. थोडा वारा सुटला होता. बहुतेकजण जागेवरच आडवे झाले.

घुले जळाले होते. त्यांचे केस सगळे जळाले नव्हते. ते सालीच्या भेगांत राहिले होते, आणि वाऱ्याने फडक्यावर आणि उपरण्यावर बसले होते. हे नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या वेळी बागेत हजर असलेल्यांपैकी कोणालाच ते माहीत नव्हतं.

निघायची वेळ झाली तेव्हा आण्णांनी उपरणं काढून तोंड पुसलं. मग कावड खांद्यावर घेतली. चार पावलं गेले आणि थांबले.

"कोनी तरी धरा," ते म्हणाले. "डोळ्यात काय तरी गेलंय."

शेजारच्याने खांदा दिला. आण्णांचा हात डोळ्याकडे चालला होता, तो मी धरला. मानेवर आणि गालावर गांधी उठायला लागल्या होत्या. तोवर कावड घेतलेला माणूसही ओरडला. त्याच्या खांद्यालाही आग सुटली होती. त्याने कावड पुढच्याला दिली, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. कावड टेकवता येत नव्हती आणि फडकं सोडता येत नव्हतं. काही वेळ ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरत राहिली.

"जाळलं हुतं की ओ," शेतकरी म्हणत होता. "म्या सोता जाळलं."

त्याची बायको घरात पळत गेली आणि घोंगडी घेऊन आली. आमच्याकडे घुला लागला की त्या जागेवरून घोंगडी फिरवतात, केस लोकरीला चिकटून निघतात. तिने आण्णांच्या मानेवरून घोंगडी ओढली. मग तीच घोंगडी उलट घडी करून कावड घेणाऱ्याच्या खांद्यावर टाकली, आणि तिच्यावर कावड ठेवली. नियमात घोंगडीबद्दल काही नव्हतं. कावड थांबली.

डोळ्याबद्दल मात्र सगळे एकदम बोलू लागले. मध घाला. खोबरेल घाला. शेजारच्या वस्तीवर बाळंतीण आहे, वाटीभर दूध आणतो.

"दूध न्हाई," आण्णा म्हणाले. "दुधानं एक गेलाय."

मग एकजण हळूच म्हणाला, "गंगंचं पानी घाला की. दोन थेंब."

आण्णांनी मिटल्या डोळ्याने त्याच्याकडे तोंड केलं. "ते माझं हाय का? देवाच्या आंघुळीचं हाय."

सोबत पाण्याच्या जारचा टेम्पो होता. मी त्यांना चारीच्या कडेला बसवलं, मान तिरकी केली, पापणी धरली आणि जारमधलं पाणी तांब्याने सोडत राहिले. डोळा लाल झाला होता. उघडत नव्हता.

"टेम्पोत बसा," मी म्हणाले. "घोडेगावात डोळ्याचा दवाखाना आहे."

"चालत जाऊ."

"आण्णा, दिसत नाही तुम्हाला."

"तुला दिसतंय न्हवं?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही निघालो. डहाळ्याने झाडणारा पुढे होताच, पण झाडलेल्या रस्त्यावरही कडेने घुले परत येत होते. मी सांगत गेले: थांबा. उजवीकडे. लांब पाऊल टाका. आता सरळ. ते सांगितल्याप्रमाणे करत होते. एकदा म्हणाले, "तुझी आई काय म्हनंल?" मी फक्त "उजवीकडे" म्हणाले. माझे पाय बुटात सुजले होते आणि मला बोलायचाही कंटाळा आला होता. मागे काका गॉगल हातात घेऊन चालत होते. त्यांची थट्टा कोणी करत नव्हतं.

घोडेगावात त्या दिवशी कांद्याचा बाजार होता. ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्यावर आल्या होत्या. त्यांच्या मधून वाट काढत आम्ही दवाखान्यापर्यंत गेलो. कावड बाहेर, घोंगडी टाकलेल्या खांद्यावर, उभी राहिली. आत टेकवायला जागा नव्हती, आणि असती तरी टेकवली नसती.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी भूल देणारे थेंब घातले, आण्णांची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ चिमट्याने केस काढले. कागदावर ठेवलेले केस मला दाखवले. दाढीच्या खुंटाएवढे, त्याहूनही बारीक. मग त्यांनी सांगितलं की वरचे निघाले, काही खोल आहेत, ते इथे निघणार नाहीत. नगरला मोठ्या दवाखान्यात आजच जायला हवं. तोवर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, घाम आणि धूळ लागू द्यायची नाही.

"उद्या दुपारी जातो," आण्णा म्हणाले. "पहाटं देवाला पानी घालू द्या."

"केस आत सरकत असतात, बाबा. उद्या दुपारपर्यंत कुठे असतील, मी सांगू शकत नाही."

"दिसंल का न्हाई, तेवढं सांगा."

"आज गेलात तर दिसायची शक्यता जास्त आहे. उद्याचं मला माहीत नाही."

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. टेम्पो समोर उभा होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. गाडीत बसलं की मानकऱ्याचा मान सुटतो, हे सगळ्यांना माहीत होतं. वेशीपासून घरातल्या माणसाचा खांदा लागतो, आणि घरात उरलेला माणूस एकच होता. बाया कावड घेत नाहीत. तसं कोणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

आण्णांनी विचारलं, "कुठंय रे तू?"

"इथंच हाय, दादा," काका म्हणाले.

"जमंल का तुला?"

काकांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. "पुढं घुलं हैत का?"

"हैत. घाटात बाभळीवर बी असत्यात. खाली बघून चालायचं."

"आन् अनवानी?"

"आता मानकरी म्हनल्यावर अनवानीच."

काका बाकावर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. मोजे काढले, घडी करून बुटात घातले. तळपाय पांढरे, मऊ.

"काका, कंपनीचं पाय हैत," सोबतच्यांपैकी कोणीतरी म्हणालं. "वारंटीत बसत्यात का बगा."

"वारंटी संपली, म्हनून तर रिटायर केलं," काका म्हणाले. लोक हसले. बागेतून निघाल्यानंतर पहिल्यांदाच हसले. आण्णाही थोडे हसले, पण डोळ्यात ताण आल्यावर थांबले.

काकांनी गॉगल आण्णांच्या हातात दिला. या वेळी आण्णांनी तो घातला. मग उठून मिटल्या डोळ्याने हात पुढे केला, आणि माणसांनी कावड त्यांच्या हाताजवळ आणली. त्यांनी कळशीला हात लावला, तो कपाळाला लावला. कावड काकांच्या खांद्यावर गेली. तिच्याखाली घोंगडी होती, तरी काकांनी ओठ दाबले.

टेम्पोच्या पायरीवर आण्णांनी एक पाय ठेवला आणि तसेच उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरून त्यांना धरायला आला, तेव्हा त्यांनी दुसरा पाय उचलला.

"टेकवू नका," ते म्हणाले. काकांनी "न्हाई टेकवत" म्हटलं. मी आण्णांच्या शेजारी बसले आणि टेम्पो सुरू झाला.

नगरला संध्याकाळी केस काढण्याची शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीखाली दिसलेले बहुतेक निघाले. एक बाहुलीच्या कडेला खोल होता. तो काढताना जास्त इजा होईल म्हणून ठेवला, आणि महिन्या-महिन्याला तपासायला यायला सांगितलं.

पहाटे काकांचा फोन आला. ते घाट चढले होते. वेशीपासून देवळापर्यंत कावड त्यांच्याच खांद्यावर होती. पायाला फोड आले होते, खांद्यावर बांबूच्या आकाराची गांध उठली होती. कावड कुठेही टेकली नव्हती. देवळात फडकं सोडलं तेव्हा गुरवाने ते हातात न घेता काठीने उचलून बाहेर पुरलं. मी फोन आण्णांच्या कानाला लावला. त्यांनी एकच विचारलं, "पानी पुरलं का आंघुळीला?" पुरलं होतं.

यात्रा संपल्यावर काका बाटलीत थोडं तीर्थ घेऊन दवाखान्यात आले. आण्णांनी ते हातावर घेतलं आणि प्यायले. ओला हात त्यांनी सदऱ्याला पुसला, तोंडावरून फिरवला नाही.

पुढच्या आठवड्यात बागेचा शेतकरी शेंगांची पेंडी घेऊन आमच्या घरी आला. दारातच बसला. आईने चहा दिला. आण्णा पट्टी बांधून ओसरीवर होते. बराच वेळ दोघे पावसापाण्याचं बोलले. जाताना शेतकरी म्हणाला, "दादा, म्या जाळलं हुतं."

"व्हय," आण्णा म्हणाले. "कावडीसाठी जाळलं. म्हाईत हाय मला."

यंदाच्या चैत्रात मान दुसऱ्या घराचा होता. विसावा त्याच शेतकऱ्याच्या रानात झाला, पण बागेत नाही. पलीकडच्या, कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात त्याने दोन मेढी रोवून वर आडवं लाकूड टाकलं होतं. कावड त्यावर अडकवली. सावलीसाठी ताडपत्री बांधली होती. घोंगडी लाकडावर आधीच घालून ठेवलेली होती.

आण्णा गेले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांची नगरला तपासणी होती. आत राहिलेला केस होता त्याच जागी होता. भिंतीवरच्या तक्त्यावरच्या चार ओळी त्यांनी उजव्या डोळ्याने वाचल्या. पाचवी त्यांना वाचता आली नाही.